शाईनं लिहिलेलं कार्ड

आमच्या सोसायटीतल्या सगळ्यांचे स्वभाव बिराजदार सरांकडे बुटाच्या खोक्यात ठेवलेले आहेत. आमच्या समोरच्या दारात राहणारे हे सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झाले. शिकवणं सुटलं, चाचण्या घेणं काही सुटलं नाही. कुणी नवीन राहायला आलं की त्याचं कपाट जिन्यात अडकलेलं असतानाच सर विचारणार, "पंगतीत कडेला बसता की मधी?"

उत्तरांवरून कार्ड तयार. मानसशास्त्रज्ञ स्वभाव पाच गुणांवर मोजतात, सरांनी सहावा वाढवला: कडकपणा. "सोलापुरात त्याच्याशिवाय मानूस मोजताच येत न्हाय!" तिशीच्या आतल्यांचं कार्ड पेन्सिलीनं, पुढच्यांचं शाईनं. "तिशीनंतर मानूस पक्का. स्वभावाला औषध न्हाय."

माझ्या कार्डावर 'अंतर्मुख, भांडणाला भितो' असं लिहिलंय. खरं आहे, म्हणूनच राग येतो.

सर्वांत जुनं कार्ड काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, शाईनं लिहिलेलं. 'बहिर्मुख, तापट. कडकपणा: पैकीच्या पैकी.' आंघोळीनंतर सर ओला टॉवेल गादीवर टाकायचे आणि काकूंचा आवाज गच्चीवरच्या टाकीपर्यंत जायचा, "आवो मास्तर, गादीला पानी पाजताय व्हय?"

मग काकूंना विसरण्याचा आजार झाला. आधी नावं गेली, मग घरचा रस्ता, शेवटी राग गेला. आता त्या सरांनाही "बसा की पाव्हनं" म्हणतात. "काकू किती शांत झाल्या!" असं मी एकदा बोलून गेलो, तर सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. माझी जीभ झडायला हवी होती.

परवा सकाळी त्यांनी मला बोलावलं. "हिचं कार्ड दुरुस्त करायचंय. शास्त्रात खोटी नोंद चालत न्हाय. माझा हात हलंना, तू लिही."

मी पेन उघडलं. एवढ्यात सरांनी ओला टॉवेल गादीवर टाकला आणि काकूंकडे बघत उभे राहिले. गादीच्या त्या कोपऱ्याला बुरशी धरली होती. हे रोज चाललं होतं तर!

काकूंनी टॉवेल उचलला, नीट घडी घातली आणि सरांच्या हातात दिला. "तुमचा हाय का? लई भिजलाय बघा. थंडी वाजंल तुमाला."

मी पेन कार्डाला टेकवलं. सरांनी माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं.

"एका चाचणीवरनं निष्कर्ष काढत न्हाईत," ते म्हणाले, आणि टॉवेल पुन्हा गादीवर टाकला.