सांगवीकरांचं पहिलं वर्ष

आमच्या ऑफिसातल्या सांगवीकरांना तारीख विचारली की ते सांगायचे, "मंगलवृष्टी, वर्ष पहिलं, महिना दुसरा." आणि पुन्हा ड्रॉइंगमध्ये मान घालायचे.

कतारमध्ये वर्ल्ड कप व्हायचा होता, आमची कंपनी एका स्टेडियमच्या कामावर होती आणि मी तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर होतो. म्हणजे आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायचा आणि आपण नसतो तर स्टेडियम उभंच राहिलं नसतं असं समजायचं. यातलं दुसरं काम मी जास्त मन लावून करायचो.

सांगवीकर परभणीकडचे, पन्नाशीचे. दोह्यातल्या अल सद्द भागात आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. हे वर्षांचं खूळ त्यांच्या डोक्यात घातलं साइटवरच्या मिस्टर ल्यू या चिनी सुपरवायझरने. चीनचे बादशहा म्हणे गादीवर बसले की वर्षांना नवं नाव द्यायचे आणि मोजणी एकपासून सुरू करायचे. पुढे काही शुभशकुन झाला किंवा संकट आलं की पुन्हा नवं नाव. एकाने तर नदीकाठी पुरातन भांडं सापडलं म्हणून बदललं!

"बघा कुलकर्णी," सांगवीकर खूश होऊन मला म्हणाले, "वर्ष नासलं की नाव बदलायचं. खलास! पुन्हा पहिलं."

एसी दुरुस्त झाला, 'शीतलोदय' सुरू. मॅनेजर बदलला, 'अल्पशांती'. मी ड्रायव्हिंग टेस्टला चौथ्यांदा नापास झालो तेव्हा त्यांनी 'अखंडप्रयत्न' जाहीर करून खजूर वाटले. त्यांच्या राज्यात दुसरं वर्ष कधी उजाडलंच नाही.

एकदा त्यांनी ड्रॉइंगच्या तारखेच्या रकान्यातच नव्या वर्षाचं नाव लिहून टाकलं. मला आयतं घबाड मिळालं. तो कागद मी सगळ्या ऑफिसला दाखवला. हशा पिकला, आणि पिकत पिकत मॅनेजरच्या केबिनपर्यंत गेला. त्याने सांगवीकरांची मंजूर झालेली रजा रद्द केली. स्टेडियम पूर्ण होईपर्यंत गावी जायचं नाही.

सांगवीकर पुन्हा ड्रॉइंगमध्ये मान घालून बसले. मग मीच त्यांची रजा परत मागायला मॅनेजरकडे गेलो. "तुझीही रजा आहे ना पुढच्या महिन्यात?" त्याने विचारलं. मी 'शुक्रान', म्हणजे धन्यवाद, म्हणून बाहेर आलो. शूरपणा इतपतच.

शुक्रवारी सकाळी माफीचं भाषण पाठ करून, चहाचे दोन कप घेऊन मी त्यांच्या खोलीत शिरलो. ते फोनवर परभणीला आईशी बोलत होते. पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा.

"दिगू, साल कोणतं चालू हाय रे?"

"नवंच लागलंय, आई. पहिलं."

"पहिलंच का? मग काही उशीर नाही झाला. ये सावकाश."

फोनवर हात ठेवून सांगवीकर मला हळूच म्हणाले, "विसरते हल्ली. खरं साल सांगितलं की मी घर सोडल्याला किती वर्षं झाली ते बोटांवर मोजते. मग दिवसभर जेवत नाही."

मी चहाचे कप टेबलावर ठेवले.

"मागं कोण उभं हाय?" आईंनी विचारलं.

"कुलकर्णी. माझ्यासोबत राहतात." त्यांनी फोन माझ्याकडे वळवला.

"तुम्ही कधी गेलात हो तिकडं?"

मला दोह्यात तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

"यंदाच आलो, आई," मी म्हणालो. "आत्ता आत्ताच."