फायरप्लेसचा घरजावई

सोमवार, ९ डिसेंबर. पाचगणीत सकाळी दाट धुकं, दुपारी लख्ख ऊन, पाचनंतर बोचरा वारा. हिंदुराव भिलाऱ्यांच्या बंगल्यात त्या दिवशी फायरप्लेस बघायला मधल्या जागेचा पहिला स्पीकर आला, पोहे खाल्ले आणि नकार देऊन गेला.

मधला स्पीकर विकत मिळत नाही, हे हिंदुरावांना ठाऊक होतं. डावा-उजवा पैसे मोजले की खोक्यातून येतात आणि दाखवाल त्या कोपऱ्यात उभे राहतात. मधल्याचं तसं नसतं. सिनेमातलं सगळं बोलणं त्याच्या तोंडून जायचं असतं, त्यामुळे तो आधी जागा बघतो, घरची माणसं बघतो आणि मग काय ते कळवतो. भिलाऱ्यांकडे जागा एकच होती. फायरप्लेसच्या डोक्यावर काळ्या दगडाची फळी आणि फळीच्या वर भिंतीला टीव्ही. मधल्याने राहायचं ते त्या फळीवर.

डावा-उजवा दिवाळीत आले होते. ते आले त्याच दिवशी टीव्हीने स्वतः बोलणं बंद केलं. घरात दोन धडधाकट माणसं असताना मी कशाला घसा कोरडा करू, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्यात चूक काढता येत नव्हती. डावा-उजवा कामाला वाघ. ढोल वाजवत, विजा पाडत, दारं आपटत. पण माणसाचं बोलणं हे मधल्याचं काम. त्याला ते हात लावत नसत.

यात हाल झाले ते हौसाआत्याचे. हिंदुरावांना आईच्या मागे वाढवलं ते या आत्याने, आणि आता तिचं सगळं सुख रोज रात्री आठच्या मालिकेत साठलेलं होतं.

"बापू, कोण मेलं ते दिसतं रे," आत्या म्हणे. "का मेलं ते कळत नाही. अशानं मी रडू कुणाच्या बाजूनं?"

येत्या शनिवारी तर मालिकेचा खास भाग होता. दोन वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलेली थोरली सून त्या दिवशी बोलणार होती. आत्याने बॅग माळ्यावरून काढून दाराशी आणून ठेवली.

"शुक्रवारपर्यंत मधला बसला तर राहीन. नाही बसला तर शनिवारच्या सकाळच्या गाडीनं वाईला, तुझ्या चुलतभावाकडं, दिनकरकडं. त्याचा टीव्ही एवढा एवढासा, पण तोंडानं बोलतो."

वाईला गेलेली आत्या उन्हाळ्याआधी परतत नसे. आणि ती नसली की हिंदुरावांना जेवताना कोणी "अजून घे" म्हणत नसे. त्यांची बायको मालन वाढायची मनापासून, पण डॉक्टरांनी सांगितलेलं तिच्या ध्यानात असे.

म्हणून हिंदुरावांनी शिवलिंग जंगमांना गाठलं. जंगमांचं वाईत स्पीकरचं दुकान, आणि मधल्यांची स्थळं आणावीत तर त्यांनीच.

पहिलं स्थळ पुण्याचं. सागवानी अंग, खर्जातला आवाज. सोबत त्याचा मामा, म्हणजे अँप्लिफायर. पाहुणा आला की फायरप्लेस पेटवायची ही भिलाऱ्यांकडची रीत, त्याप्रमाणे मालनने ती पेटवली होती.

"पत्रिका म्हणाल तर ओहम मी स्वतः जुळवून पाहिलेत," जंगम म्हणाले. "तिथं काही खोट नाही."

"राहायचं कुठं?" मामाने विचारलं.

"या फळीवर."

"आणि ऐकणारी मंडळी?"

"आत्या खाली बसते. सतरंजीवर."

मामाने फळीकडे पाहिलं, मग सतरंजीकडे पाहिलं. "म्हणजे आमच्या मुलानं मान खाली घालून बोलायचं."

"थोडीशीच," हिंदुराव म्हणाले.

"मुलीच्या घरी राहायचं आणि वर मान खाली घालायची. भिलारेसाहेब, आमच्यात आजवर कोणी घरजावई गेलेलं नाही."

"मी कुठं बोलावणं धाडलं होतं?" फायरप्लेस म्हणाली आणि तिने एक ओंडका फोडला.

मामा उठला.

बुधवारी दुसरं स्थळ आलं. मुंबईचा, सडपातळ, अंगावर आरशासारखी चमक. पोह्यांना हात लावला नाही, तेल चालत नाही म्हणाला. मान खाली घालण्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याला फक्त एकदा फळीवर उभं राहून बघायचं होतं. तो उभा राहिला, आणि थोड्या वेळाने आचेने त्याच्या कडेचा डिंक सुटू लागला.

"जागा सुरेख आहे," खाली उतरून तो म्हणाला. "माझी एकच सूचना आहे. ही फायरप्लेस बुजवून टाका आणि आत विजेचा दिवा लावा. हल्ली अगदी हुबेहूब ज्वाळा मिळतात. धूर नाही, राख नाही."

उजव्याने खाली पाहिलं.

"जंगम," फायरप्लेस म्हणाली, "याला गाडीत बसवा."

गुरुवारी हिंदुरावांनी पाट ओढला आणि फायरप्लेसपुढे बसून घेतलं. ती बंगल्याइतकीच जुनी. बंगला बांधणाऱ्या पारशी कुटुंबाच्या तीन पिढ्या तिने शेकल्या होत्या, त्यामुळे हिंदुराव तिला अहोजाहो करत.

"राग मानू नका," ते म्हणाले. "उद्या शेवटचं स्थळ आहे. पाहुणा असेपर्यंत जरा विझून बसलात तर?"

"आणि जमलं की दुसऱ्या दिवशी पेटू? मग तो म्हणेल, फसवलं. हिंदुराव, बघायला आलेल्यापुढं आहे ते दाखवावं."

हिंदुरावांनी एक ओंडका सारखा केला. मागे सतरंजीवर बसून आत्या स्वेटरांच्या घड्या घालत होती.

"जाताना थोडी स्ट्रॉबेरी दे रे बापू. दिनकरच्या पोरांना," ती म्हणाली.

"जाणार म्हणून ठरवूनच टाकलंस का?"

"मी कशाला ठरवू? ठरवणार ते तुझे पाहुणे."

शुक्रवारी दुपारी तिसरा आला तो एकटाच. बुटका, रुंद, एका अंगाला ओरखडा. जंगमांनी उंबऱ्यातच सांगून टाकलं, "बिजवर आहे. लपवाछपवी नको. आधी महामार्गावर एका ढाब्यावर होता. ढाबा मोडला, डावा-उजवा एका जिमवाल्यानं नेले. हा मागं राहिला."

पाहुण्याने पोहे खाल्ले आणि आणखी मागितले.

"खाणारं पोर आहे," आत्या मालनच्या कानात म्हणाली, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"मान खाली घालावी लागेल," हिंदुरावांनी भीत भीत सांगितलं.

"घालायचीच की. माणूस जिथं बसलंय तिकडं बघून बोलावं. आत्या खाली बसणार आणि मी छताशी बोलत राहणार, याला काय अर्थ आहे?"

"आणि ही पेटलेली असते."

"ढाब्यावर मी तंदूरच्या डोक्यावर होतो साहेब. क्रिकेटचा अख्खा विश्वचषक तिथनं बोललोय." तो फळीवर चढला, इकडेतिकडे सरकून बसला. डाव्याने त्याच्यासाठी थोडं अंग चोरलं. डिंक सुटला नाही. "फळी चांगली रुंद आहे. आच पुढनं निघून जाते. पण माझी एक अट आहे."

जंगमांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"आठ ते साडेआठ हिनं तडतडायचं नाही. मी बोलत असताना खालनं कोणी तडतडलं की माझं वाक्य तुटतं. तंदूर तडतडत नसे. लाकडाचं तसं नाही."

सगळ्यांनी फायरप्लेसकडे पाहिलं.

"आठला मी ऐन भरात असते," ती म्हणाली. "थंडीचे दोन-तीन महिने काय ते माझे. त्यातही आठला निखारा होऊन बसू? कशासाठी?"

आत्याने दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं. स्पीकर काय, फायरप्लेस काय, कोणालाही चूक म्हणता येत नव्हतं.

"तुम्ही मालिका बघता का?" फळीवरून स्पीकरने विचारलं.

"मी? टीव्ही माझ्या डोक्यावर. मला दिसतात ती बघणाऱ्यांची तोंडं. ढोल ऐकू येतात, दारं आपटलेली ऐकू येतात. मग हौसा डोळ्याला पदर लावते. ती रडते ते दिसतं. का रडते ते…"

ती थांबली. आत्याने मान वर केली.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "म्हणजे तुझंही तेच?"

"ते मी सांगेन," स्पीकर म्हणाला. "शब्द न् शब्द."

फायरप्लेसने मालनला हाक मारली.

"उद्या सातनंतर ओलं लाकूड घालू नका. ओलं असलं की मला आवरत नाही."

जंगमांनी खिशातून पेढ्यांचा पुडा काढला. तो त्यांनी सोमवारपासून खिशात ठेवला होता, त्यामुळे पेढे जरा कडक झाले होते. सगळ्यांनी खाल्ले.

शनिवार, १४ डिसेंबर. दिवसभर निरभ्र, संध्याकाळी वारा पडलेला. वाईची सकाळची गाडी वेळेवर सुटली. हौसाआत्या तीत बसली नाही, पण बॅगही तिने दाराशीच राहू दिली. बोलणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं, असं ती म्हणाली.

हिंदुरावांनी स्पीकरच्या पाठीखाली लाकडाची पाचर सारली. आत्या सतरंजीवर बसली. आठला फायरप्लेस निखारा झाली. डाव्या-उजव्याने मिळून दार उघडल्याचा आवाज केला, आणि थोरली सून दिवाणखान्याच्या मधोमध म्हणाली, "मला कोणी विचारलं असतं, तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

आत्याने पदर डोळ्याला लावला. खाली एक ठिणगी उडाली, पण आवाज झाला नाही.

साडेआठला फायरप्लेसने विचारलं, "मग धाकट्या दिराचं काय झालं?"

"ते सोमवारी," स्पीकर म्हणाला.

मालनने दोन सुके ओंडके घातले. हिंदुरावांनी बॅग माळ्यावर ठेवली. जेवताना आत्याने त्यांना तिसरी भाकरी वाढली आणि "अजून घे" म्हणाली. मधला स्पीकर फळीवर राहिला, मान अकरा अंश खाली.