ड्रायव्हरशी बोलू नये

पौषातला सोमवार, तेरहून धाराशिवला जाणारी सकाळची एस.टी. हजर: मी (धाराशिवच्या मुलींच्या शाळेतली बाई, तेरला नवीच राहायला आलेली), दोन भाजीवाल्या, एक बोकड, त्याचा मालक, मॅट्रिकच्या वर्गातली नूरी, ड्रायव्हर रहीमभाई आणि कंडक्टर चांदभाई. चांदभाई सगळ्यांशी बोलत होते, बोकडाशीसुद्धा. फक्त ड्रायव्हरशी नाही.

"पाटी वाचा, बाई." निजामाच्या वेळची उर्दू पाटी जाऊन तिथं मराठी पाटी आली होती, तिच्याकडं त्यांनी बोट केलं. "ड्रायव्हरशी बोलू नये. आपन सरकारी मानूस. कायदा म्हंजे कायदा!"

त्यामुळं सगळा कारभार घंटीवर. एक घंटी, थांबा. दोन, चला. चार-पाच घाईघाईनं, म्हणजे पुढं म्हैस हाय, दिसंना का? रहीमभाई हॉर्ननं उत्तर द्यायचे. किती शिस्तीचा माणूस, म्हणून मी वर्गात चांदभाईंचं उदाहरण द्यायची.

गाडी तेरला मुक्कामी असे. रहीमभाई घरी जायचे, चांदभाई गाडीतच मागच्या बाकावर झोपायचे. सकाळी नूरी त्यांना डबा आणून द्यायची. शाळेच्या हजेरीत ती नुसती 'शेख नूरी'. रहीमभाईंच्या घरातून येते, म्हणून मी तिला त्यांची मुलगी समजत होते. डब्याचं झाकण काढून चांदभाई म्हणायचे, "मीठ कमीच असनार. पैल्यापास्नं हात आखडता!" परक्याच्या भाकरीला नावं ठेवणारा हा माणूस बघून मी थक्क व्हायची.

नूरीला सोलापूरला जाऊन नर्स व्हायचं होतं. मी म्हटलं, "वडलांना घेऊन ये." दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या फाटकात अख्खी एस.टी. येऊन उभी राहिली, उतारूंसकट. ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघंही आत आले.

"वडील कोण?" मी सहज विचारलं.

"मी," चांदभाई म्हणाले.

मी रहीमभाईंकडं बघितलं.

"मी तिच्या अम्मीचा दुसरा शौहर," ते म्हणाले. "पैले हे. तलाक झाला."

विचारायच्या प्रश्नांची मी यादी करून ठेवली होती. त्यात याच्या पुढचा प्रश्न नव्हता. खिडकीतून भाजीवाली म्हणाली, "तुमाला ठावं न्हवतं व्हय, बाई? साऱ्या गावाला ठावं हाय की!"

"बाई, ड्रायव्हरला सांगा, पोरगी कुटं जानार न्हाय."

"बाई, कंडक्टरला सांगा, पोरगीची मर्जी हाय. तिच्या अम्मीचीबी."

"ड्रायव्हरला सांगा, सोलापूरच्या लाइनीवर माझी ड्युटी न्हाय!"

दोघं एकाच बाकावर बसले होते. माझीच मान दुखायला लागली.

"अब्बा, मला जायचंय," नूरी म्हणाली.

चांदभाई पाटी शोधावी तसे भिंतीकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "गाडीतच भेटती ओ ती. त्यासाठीच ही लाइन मागून घेतली. दुसरीकडं कुटं भेटू?"

"मला दोनदा चांगली लाइन देत होते," रहीमभाई हळूच म्हणाले. "म्या न्हाय म्हनलो. दुसरा ड्रायव्हर गाडी जोरात न्हेईल, बाई. बापलेकीचं बोलनं अर्ध्यात ऱ्हाईल."

ही गाडी बैलगाडीच्या चालीनं का जाते, अशी तक्रार मीच वर धाडली होती.

चांदभाई उठले. दारात थांबून, मागं न बघता म्हणाले, "जाऊ द्या तिला."

हा निरोप माझ्यामार्फत नव्हता.

नूरी गेली त्या दिवशी धाराशिवच्या स्टँडवर चांदभाईंनी खिडकीतून रुमाल टाकून तिची जागा धरली. सोलापूरची गाडी वळणाआड गेली. आमच्या गाडीचीही वेळ झाली होती. उतारू बसले, बोकडही चढला. रहीमभाईंनी इंजिन चालू केलं. चांदभाई घंटीची दोरी धरून, मागच्या काचेतून रिकाम्या रस्त्याकडं बघत उभे.

"अवो, घंटी द्या की!" भाजीवाली ओरडली.

रहीमभाईंनी वळून बघितलं. हॉर्न वाजवला नाही. इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

दोन घंट्या अजून द्यायच्या होत्या.