घोंगडीनं खाल्लेला आवाज

"आबा, आता तुमच्या एका बोटावर माझं वर्ष हाय," असं म्हणून सृष्टीनं रेकॉर्डर हातात दिला आणि भाऊसो आपल्या बोटाकडं निरखून बघायला लागले. सत्तर वर्षांत त्या बोटानं मेंढ्या मोजल्या, तंबाखू मळली; पण कुणाचं वर्ष येऊन त्याच्यावर बसलं नव्हतं.

नात कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. बाजेएवढ्या पंखांचं, रिमोटवर उडणारं विमान तिनं बनवलं होतं आणि ते घेऊन ती कवठे महांकाळच्या माळावर आली होती. कराडात हायवेच्या भोंग्यांपुढं कुणाला काय ऐकू येणार! जोडीदार शिवतेज भावाच्या साखरपुड्यात अडकला, म्हणून इंजिन बंद करून डोक्यावरनं तरंगत जाणाऱ्या विमानाचा आवाज टिपायचं काम आजोबाच्या गळ्यात पडलं.

"इंजिन बंद केल्यावर आवाज कसला गं?"

"अंगाचा, आबा. चाकांत, पंखांच्या फटीत वारा घुसतो आन् सूं करतो. त्योच कमी करायचाय."

म्हणून एकदा विमान उघडं सोडायचं आणि एकदा चाकांना, पंखांना घोंगडीचं पांघरूण घालून. घोंगडी अर्थात भाऊसोंची. तिचा काठ कापलाय, हे भामाबाईंना, म्हणजे त्यांच्या कारभारणीला, अजून कळलं नव्हतं.

कॉलेजचे देशिंगे सर बाभळीखाली वह्या तपासत बसले होते. "तोंडी काही चालणार नाही, मोबाईलचं रेकॉर्डिंगही नको," त्यांनी बजावलं होतं. "आणि मी स्वतःच्या कानानं ऐकेन, मगच सही करीन."

उघड्या विमानाच्या वेळीच सगळ्यांचा घाम निघाला. पहिल्या खेपेला म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा वाजली. दुसऱ्या खेपेला बांधावरनं भामाबाई ओरडल्या, "आवं, भाकरी वाळली की!" त्यांना गप्प करायला भाऊसोंनी "गप ए!" अशी आरोळी ठोकली आणि रेकॉर्डरनं तेवढीच चोख टिपली. तिसऱ्या खेपेला जमलं. विमान सूं करत गेलं, सरांनीही मान वर करून वहीत नोंद केली. पण तोवर रेकॉर्डरची बॅटरी संपत आली होती.

"आता चालू ठेवू नका," सृष्टी म्हणाली. "इमानाचा आवाज आला की मगच बटण दाबा. मी घोंगडी बांधून टेकाडामागनं सोडते."

भाऊसोंनी कसलीच कसर ठेवली नाही. माईक समोर मातीत रोवलेला होताच. त्यांनी मेंढा ओढून मांडीत घेतला, घंटा मुठीत आवळली आणि उरलेली घोंगडी दोघांच्या डोक्यावरनं घेतली. "हाललास तर बघ," असा त्याला दम भरला. बोट बटणावर ठेवून भाऊसो कान टवकारून बसले. घाम कानशिलावरनं ओघळला, मेंढ्यानं दाढी चाटून बघितली, पण आवाज काही येईना.

अचानक कुणीतरी घोंगडी ओढली. सृष्टी उभी होती, विमान बगलेत.

"मिळाला न्हवं, आबा?"

"काय? सोड की गं आता!"

"आवं, सोडलं, गेलं, उतरलंबी! तुमच्या डोक्यावरनं गेलं!"

भाऊसोंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीचं वर्ष आपण मेंढ्याशेजारी बसून घालवलं! "म्हाताऱ्याला कशाला बसवलंस गं," म्हणत त्यांनी रेकॉर्डर तिच्यापुढं धरला. सृष्टीनं रेकॉर्डर बघितला. त्यानं केव्हाच मान टाकली होती.

तेवढ्यात सर घड्याळ बघत आले. "अहो, मघापासून कान देऊन बसलोय. विमान सोडताय कधी? मला कराडची गाडी गाठायचीय."

आजोबा नातीकडं बघायला लागले, नात आजोबांकडं. मुठीतली घंटा सुटून खणकन वाजली.

"सर, तुमी झोपला न्हवता न्हवं?" भाऊसोंनी विचारलं.

"छे! वह्या तपासत होतो. इथं पाखरू फडफडलं तरी ऐकू आलं असतं."

"मग गड्या, इमान तुमच्याबी डोक्यावरनं गेलं की! चाकांच्या घोंगडीला लागलेली माती बघा."

सरांनी घोंगडीवरची ताजी माती बघितली, आभाळ बघितलं, वही उघडली आणि पेन तसंच धरून उभे राहिले.

"पण मी काही ऐकलंच नाही. मग लिहू काय?"

"त्येच लिवा," भाऊसो म्हणाले, "आन् खाली सही करा."