धाराशिव ते सोलापूर, विमानानं, व्हाया तुळजापूर

दोन गावांमधलं अंतर निसर्ग ठरवतो आणि त्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार फक्त सरकारला असतो.

१९५७ साली धाराशिवच्या एका कचेरीत मुंबईहून विचारणा आली. धाराशिवचा नियोजित विमानतळ (म्हणजे गावाबाहेरचा माळ, तिथं तूर्त बंडप्पाच्या शेळ्या उतरत) आणि सोलापूरचा विमानतळ यांच्यातलं हवाई अंतर किती, प्रवासाला वेळ किती, ते सर्व संबंधितांचं मत घेऊन कळवावं.

हे काम अव्वल कारकून नारायणरावांकडं आलं आणि त्याच दिवशी सोलापूरहून तारही आली. "चारुशीलेला दवाखान्यात नेलंय. लगेच निघा." लेक पहिलटकरीण. नारायणराव तार घेऊन साहेबांकडं गेले. साहेब मोठे दयाळू. "अवश्य जा," ते म्हणाले, "एवढा अहवाल पाठवा, की निघाच."

नारायणरावांनी नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली. छत्तीस मैल, अठरा मिनिटं. इतक्या झटपट उरकलेलं काम कचेरीनं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं ते बघायला सगळे जमले.

निजामाच्या अमदानीपासूनचे फकरुद्दीन पेशकार चष्मा पुसत म्हणाले, "नारायणराव, ही रेघ सीधी दर्ग्यावरनं चाललीय. पीरसाहेबांच्या डोक्यावरनं उडायचं? बेअदबी हाय ती."

मुद्दा बिनतोड होता. विमान आधी येडशीकडं न्यायचं ठरलं. (येडशी उत्तरेला आणि सोलापूर दक्षिणेला, ही बाब गौण.)

मग खुद्द नारायणरावांनाच दिसलं, की पुढं रेघ तुळजापूरच्या देवळाच्या कळसाला घासतेय. (सरकारी पेन्सिलीच्या जाडीत चार मैल सहज मावतात.) आईच्या माथ्यावरून चपला घालून कोण जाणार? उतारूंनी चपला काढाव्यात, अशी सूचना आली. पण चाकांचं काय, इथं ती बारगळली. सबब, देऊळ उजव्या हाताला ठेवून वळसा घालायचा. आणि वळसा घालायचाच, तर प्रदक्षिणा अर्धी का सोडा? शिवाय दर्शनाला उतरू न देणाऱ्या विमानात माणूस बसणार नाही, यावर एकमत झालं.

"आन आमच्या खंडोबानं तुमचं काय घोडं मारलंय?" गुंडप्पा शिपायानं विचारलं. तो अणदूरचा. अणदूर घेतलं. पण खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गला मुक्कामाला जातो, म्हणून वेळापत्रकं दोन करावी लागली.

तिसऱ्या दिवशी अहवाल गेला. अंतर एकशे बारा मैल, वेळ साडेचार तास. खाली नम्र शेरा: 'ज्यांना घाई असेल त्यांनी एस.टी.नं जावं, तीन तास लागतात.'

नारायणराव धावतच एस.टी.त बसले. आपण कळसाचं कशाला बोललो, म्हणून वाटभर ते स्वतःला बोल लावत होते. तुळजापूरला गाडी थांबली. कंडक्टर म्हणाला, "लगेच सुटतीय, उतरू नगा." पण लेकीचा जीव टांगणीला, आणि आईच्या दारावरून तसंच पुढं जायचं? नारायणराव उतरले. दर्शनाला ही रांग. गाडी गेली. पुढची संध्याकाळी मिळाली.

दवाखान्यात चारुशीला उशीला टेकून बसली होती. कुशीत मुलगी. दोघी सुखरूप.

"बाबा, तार तर कवाच गेली की. एवढा उशीर?"

 नारायणरावांनी कागदाच्या पुडीतलं कुंकू नातीच्या कपाळाला लावलं आणि म्हणाले, "विमानानं आलो गं बाई."

आता काही वाचकांना संताप आला असेल. लेक दवाखान्यात आणि हा गृहस्थ तुळजापूरला उतरतो! संताप रास्त आहे. पण तो न उतरता गेला असता, तर "दारावरून गेला आणि साधा हातसुद्धा जोडला नाही," हे सगळ्यात आधी तुम्हीच म्हणाला असता. मुंबईच्या विचारणेतले 'सर्व संबंधित' ते तुम्हीच. तुमचं मत तेव्हाच विचारात घेतलेलं आहे.