एहतियातवाले पंत

जळकोटच्या थांब्यावरून एसटी हलायची म्हटली की आमचे पंत आधी तिच्याखाली वाकून बघत. सगळी चाकं तपासून झाली की कंडक्टरला हात करत, "चलू द्या. पण एहतियात!"

एहतियात म्हणजे जपून. निजामाच्या कचेरीत कारकुनी करून पेन्शनीत निघालेल्या पंतांच्या तोंडी हा शब्द दिवसभर असे. मी शाळामास्तर, त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायचो. चाकाखाली ते काय शोधतात, हे मला लवकरच कळलं. कासव! विहिरीतलं नव्हे, माळावरचं. खडकाळ रानात गवत खाऊन जगणारं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं.

"पण पंत, ते सडकेवर कशाला येईल?"

"आलं तर?"

झालं! गाडीखाली आलं तर? कुणी जत्रेत विकायला नेलं तर? अंडी घोरपडीनं खाल्ली तर? दुपारभर बाभळीखाली बसून ते कासवं न्याहाळत आणि येताना नवी काळजी घेऊन येत. ती ऐकता ऐकता माझी भाकरी वाळून जाई.

एका उन्हाळ्यात माळाचे मालक बापूराव यांनी वाळलं गवत पेटवायचं ठरवलं. जाळल्यावर पावसाळ्यात चारा चांगला येतो म्हणे. पंत धावत गेले.

"बापूराव, थोडं थांबा. कासवं बाहेर काढतो."

"लई झालं, पंत. गुरं काय तुमची एहतियात खातील व्हय?" पण ते भले माणूस. "सकाळच्याला काय काढायचं ते काढा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पंत अजून माळात आतच होते आणि गड्यांनी पलीकडून काडी लावली. वारं फिरलं. बघता बघता धूर आमच्याकडं आला. बापूराव ओरडू लागले, "पंत! भाईर या! पंत!" गडी लिंबाच्या डहाळ्या घेऊन आग झोडपत सुटले.

शेवटी धुरातून पंत आले. एक पाय अनवाणी, धोतराच्या ओच्यात कासवं.

"कासवासाठी जीव देता व्हय?" बापूरावांनी त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं.

"पळता येतं ते वाचतं हो," पंत खोकत म्हणाले. "ह्यांना पळता येत नाही."

बापूरावांनी कासवांचा तेवढा कोपरा त्या साली जाळू दिला नाही.

संध्याकाळी मला माळावर पंतांची चप्पल सापडली. ती द्यायला गेलो. शेजारी राहूनही मी कधी त्यांच्या आतल्या खोलीपर्यंत गेलो नव्हतो; त्यांच्या पत्नी, काकू, आजारी असतात एवढंच ऐकून होतो. दार उघडंच होतं. लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या काकू, आणि त्यांच्या उशाशी कासव घेऊन बसलेले पंत.

"आज माळावर काय गार वारं होतं गं! हे बघ, तुला भेटायला आपणहून आलंय."

काकूंना बोलता येत नव्हतं. एकच हात हलायचा. तो कासवाच्या पाठीवरून हळूहळू फिरला, तिथून पंतांच्या धोतराच्या करपलेल्या काठावर आला आणि थांबला.

"चुलीपाशी लागलं," पंत घाईनं म्हणाले.

काकूंनी तो काठ मुठीत धरला. पंत उठायला गेले, पण मूठ सुटेना. मग ते तसेच खाली बसले.

मी चप्पल उंबऱ्याशी ठेवली आणि माघारी आलो.