वाचनालयातून थेट प्रक्षेपण

उदगीरच्या ज्ञानवर्धिनी वाचनालयाला आपण महाराष्ट्राच्या नकाशावर आणणार, याबद्दल ग्रंथपाल अंबरीशला तिळमात्र शंका नव्हती. शंका इतरांना होती, पण ते बिचारे नांदेडच्या कार्यशाळेला गेले नव्हते. अंबरीश गेला होता. 'ग्रंथालयसेवा आणि नवी वेब साधने' या विषयावर दिवसभर व्याख्यानं ऐकून आणि जेवणात दोनदा जिलबी घेऊन तो परतीच्या एस.टी.त बसला, तो वेगळाच माणूस होऊन. वाचक वाचनालयात येत नसेल तर वाचनालयानं वाचकाच्या खिशात शिरावं, असं एक वक्ता म्हणाला होता. ते वाक्य अंबरीशनं उदगीर येईपर्यंत घोकलं.

घाईला कारण होतं. अंबरीशची नोकरी हंगामी होती. कायम करायचं की नाही हे कार्यकारिणीच्या हातात, आणि कार्यकारिणी म्हणजे अध्यक्ष महादेवप्पा, मोंढ्यातले धान्याचे अडते. "काई तरी नवं करून दाखवा सर, मग बगू," असं ते दर वर्षी म्हणायचे. इकडे मुलींचे बाप 'कायम आहेत का?' एवढंच विचारत आणि उत्तर ऐकून चहा अर्धा टाकून उठत.

तेव्हा अंबरीशनं नवं करून दाखवलं. जुना मोबाइल कपाटावर सुतळीनं बांधला, वाचनकक्षाकडे तोंड करून, आणि 'वाचनालय थेट' अशी लिंक गावभर धाडली. घरबसल्या बघा, खुर्ची रिकामी आहे का, पेपर कुणाच्या हातात आहे, आणि मगच या. सोय म्हणजे केवढी सोय!

"हे अमेरिकेत पण दिसतंय का?" महादेवप्पांनी विचारलं.

"दिसतं, अप्पा."

"मग भिंतीवर माझा फोटो लावा की."

फोटो लागला. पहिल्याच दिवशी कक्षात डोकी चार आणि घरून बघणारे दीडशे. अंबरीश हवेत तरंगायला लागला. तेवढ्यात फोन वाजला. निवृत्त शिक्षक शरदचंद्र गुरुजींच्या पत्नी गोदावरीबाई बोलत होत्या.

"सर, आमचे गुरुजी झोपलेत बगा. मान कशी लोंबायली. उशाला काई द्या की."

अंबरीशनं गुरुजींच्या मानेखाली विश्वकोशाचा खंड सरकवला. फोन पुन्हा वाजला. या वेळी तारामतीबाई. त्यांचा हरिओम स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता. इतकी वर्षं करत होता की त्याच्याबरोबरच्यांची निवडही झाली आणि बदल्याही झाल्या.

"आमचा हरिओम कुटं हाय? सकाळीच डबा घेऊन तिकडं आला."

"इथं नाहीये, काकू."

"कोपऱ्यात असंल. मोबाइल जरा वळवा."

वळवला. हरिओम कोपऱ्यातही नव्हता. मात्र खिडकीशी तंबाखू मळत बसलेले तलाठी गावाला स्वच्छ दिसले. त्यांनी श्रावणापासून तंबाखू सोडली होती, निदान घरात तसं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी वाचक घटले. जे आले त्यांनी खुर्च्या ओढून बरोबर कपाटाखाली नेल्या, जिथं मोबाइलची नजर पोचत नाही. आठवडाभरात तेही येईनासे झाले. घराघरांत बायका पडद्यावर रिकामा कक्ष आणि भिंतीवरचे अप्पा बघत होत्या, आणि नवरे घरी आले की शांतपणे विचारत होत्या, "काय वाचलं आज?"

आता कुठं अंबरीशच्या डोक्यात प्रकाश पडला. 'वाचनालयात जाऊन येतो' या तीन शब्दांवर उदगीरची निम्मी पुरुषजात बिनघोर घराबाहेर पडत होती. वाचनालयाची सगळ्यात जास्त वापरली जाणारी सेवा हीच होती, आणि तिच्याबद्दल नांदेडच्या कार्यशाळेत कुणी चकार शब्द काढला नव्हता.

मग स्वतः महादेवप्पा आले. चेहरा तुरीचा भाव पडल्यासारखा.

"सर, तुमी वाचनालय चालवायलाव का पोलीस ठाणं?"

"अप्पा, प्रतिसाद तर फार..."

"काल सांजच्याला मी इथं मीटिंगला होतो."

"काल मीटिंग नव्हती, अप्पा."

"तेच तर घरात दिसलं."

अप्पांची मीटिंग म्हणजे गोदामाच्या मागच्या खोलीतली रमी, हे वाचनालयात सगळ्यांना माहीत होतं.

"बंद करून टाकू का?" अंबरीशनं भीत भीत विचारलं.

"आता एकदम बंद केलं तर समद्यांचीच इज्जत जाईल." अप्पा व्यापारी माणूस, त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "एकाच दिवसाचं चित्रण रोज दाखवता येतं का?"

"येतं, पण ते खोटं..."

"खोटं कसं? वाचनालय खरं, मानसं खरी. निस्ता दिवस दुसरा. अन् तुमच्या कायमचा ठराव पण घेऊन टाकू त्याच दिवशी."

अंबरीशला तत्त्वं आठवली. मग मुलींचे बाप आठवले.

रविवारी, वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी, चित्रण झालं. मंगल कार्यालयातून खुर्च्या मागवाव्या लागल्या, एवढी गर्दी. गुरुजी जागे होते. हरिओमनं जाडजूड पुस्तक धरलं होतं, उलटं का होईना. मधोमध अप्पा मीटिंग घेत होते आणि त्या मीटिंगमध्ये अंबरीश एकमतानं कायम झाला. भरलेला कक्ष बघून त्याचे डोळे खरोखर पाणावले. त्या दिवसापासून गावाला रोज तोच रविवार दिसू लागला, रविवार सोडून सगळ्या वारी. नांदेडहून फोन आला, की तुमचा प्रयोग अप्रतिम आहे, व्याख्यानाला या.

एका दुपारी अंबरीश रिकाम्या कक्षात पेंगत असताना महादेवप्पांच्या पत्नी लक्ष्मीबाई दारात उभ्या राहिल्या.

"काकू! अप्पा आत्ताच... म्हणजे मीटिंग नुकतीच..."

"असू द्या सर. आठवडा झाला, आमचे हे एकाच सदऱ्यात मीटिंग घ्यायलेत. त्यो सदरा मी सोमवारीच धुऊन वाळू घातलाय."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"कामून बोलू? ते घरात नसले की मला दुपार मिळती." त्यांनी कपाटातून एक कादंबरी काढली, पंख्याखाली बसल्या आणि वाचू लागल्या. पान उलटलं. आणखी एक उलटलं. इतक्या वर्षांत अंबरीश इथं कुणाला असं वाचताना पहिल्यांदाच बघत होता. तो धावत सभासदत्वाचा अर्ज घेऊन आला.

"नाव लिवू नका," लक्ष्मीबाई मान वर न करता म्हणाल्या. "मी मठात प्रवचनाला गेलेय."

दुसऱ्या दिवशी प्रवचनाला गोदावरीबाई आल्या, मग तारामतीबाई. आता दुपारी कक्षात बसायला जागा नसते. कादंबऱ्यांच्या कपाटाला कुलूप लावावं लागत नाही आणि पुढचा भाग कुणाकडे आहे यावरून रोज भांडण होतं.

नांदेडच्या व्याख्यानात हे सगळं सांगायला अंबरीशची जीभ फार शिवशिवत होती. पण हॉलमध्ये पहिल्या रांगेत महादेवप्पा बसले होते. त्यानं रविवारचंच चित्रण दाखवलं, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.